ड्रॅक्युलाला ऊन कधीपासून बाधायला लागलं?

एका वाचक मुलीनं विचारलंय : "मी नुकतीच ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' वाचून संपवली. कादंबरीत काउंट ड्रॅक्युला लंडनच्या रस्त्यावर दिवसाढवळ्या उभा दिसतो. मग सिनेमात तो उन्हानं जळून का मरतो? खरा व्हॅम्पायर कोणता? आणि हे सगळं मुळापासून समजून घ्यायचं तर सुरुवात कुठून करू?"

मी बरीच वर्षं चित्रपट-संकलनाच्या टेबलावर काढली आणि नंतर साहित्याचं चित्रपटात रूपांतर कसं होतं हे शिकवत आलो. त्यामुळे उत्तर त्याच अंगानं देतो. खरा व्हॅम्पायर असा कुणी नाही. आज आपण जे 'नियम' म्हणून ओळखतो ते वेगवेगळ्या लोकांनी, बहुतेक वेळा काहीतरी अडचण सोडवताना घातलेले आहेत. कुणाकडे पैसे नव्हते, कुणाकडे हक्क नव्हते, कुणाला रंगमंचावरून माणूस गायब करायचा होता. ही अडचण कुठली होती ते शोधलं की प्रत्येक व्हॅम्पायर आपोआप उलगडतो.

सुरुवात साहित्यात नाही, सरकारी कागदपत्रांत आहे. १७१८च्या पासारोविट्झच्या तहानं उत्तर सर्बिया ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेला आणि तिथल्या खेड्यांतल्या समजुती पहिल्यांदाच व्हिएन्नाच्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर येऊन पडल्या. १७२५ साली किसिल्येवो गावात पेतार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी वारला, आणि त्यानंतर आठ दिवसांत गावात नऊ जण दगावले. मरताना त्यांनी पेतार येऊन गळा दाबतो असं सांगितलं म्हणे. गावकऱ्यांनी कबर उकरायची परवानगी मागितली, आणि फ्रॉमबाल्ड नावाच्या अधिकाऱ्यानं नाइलाजानं तिथं हजर राहून अहवाल लिहिला. प्रेत कुजलेलं नव्हतं, तोंडाला ताजं रक्त होतं, जुनी कातडी गळून नवी आल्यासारखी दिसत होती. गावकऱ्यांनी छातीत लाकडी सुळा ठोकला आणि प्रेत जाळलं. पुढं मेद्वेजा गावच्या अर्नोल्ड पाओलेचं प्रकरण आलं. त्यावर लष्करी शल्यवैद्य फ्ल्यूकिंगर यानं जानेवारी १७३२मध्ये केलेला अहवाल युरोपभर छापला गेला, आणि त्याच वर्षी 'व्हॅम्पायर' हा शब्द इंग्रजी वर्तमानपत्रांत शिरला.

हे अधिकारी खोटं लिहीत नव्हते. त्यांनी जे पाहिलं तेच लिहिलं. पुरलेल्या प्रेतात वायू साठून ते फुगतं, त्या दाबानं काळपट लाल द्रव तोंडावाटे बाहेर येतो, कातडी आकसल्यामुळे नखं वाढल्यासारखी दिसतात, आणि फुगलेल्या छातीत सुळा घातला की अडकलेली हवा घशातून निघताना कण्हल्यासारखा आवाज होतो. थंडीत, मातीखाली, प्रेत सावकाश कुजतं. ज्यांनी आपल्या माणसाला एकदा पुरल्यावर पुन्हा कधी पाहिलेलंच नसतं, त्यांना हे जिवंतपणाचंच लक्षण वाटणार. अखेर सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या वैद्यानं, गेरार्ड फान स्वीटेननं, १७५५मध्ये चौकशी केली आणि कबरी उकरण्यावर बंदी आली.

यातली एक गोष्ट लक्षात ठेव. हा खेड्यातला व्हॅम्पायर घरचाच माणूस होता. फुगलेला, लालबुंद, मातीनं माखलेला शेतकरी. तो परत यायचा तो आपल्याच गावात, आपल्याच माणसांकडे. फिकट चेहऱ्याचा, रेशमी कपड्यातला परका सरदार त्यात कुठंच नाही.

तो सरदार जिनिव्हाच्या तळ्याकाठी जन्माला आला. एप्रिल १८१५मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा आलाच नाही. जून १८१६मध्ये व्हिला दिओदातीत पावसानं कोंडून घातलेली मंडळी शेगडीभोवती बसून भुताच्या गोष्टी वाचत होती : इंग्रज कवी लॉर्ड बायरन आणि शेली, त्या वेळी अठराची असलेली मेरी गॉडविन, तिची सावत्र बहीण क्लेअर, आणि बायरनचा विशीतला वैद्य जॉन पॉलिडोरी. प्रत्येकानं एक गोष्ट लिहायची ठरलं. मेरीची 'फ्रँकेनस्टाइन' झाली हे सगळ्यांना ठाऊक असतं. बायरननं काही पानं लिहून सोडून दिली. ती कल्पना पॉलिडोरीनं उचलली आणि तिच्यात खुद्द बायरनलाच बसवलं. त्याचा लॉर्ड रुथवेन देखणा आहे, निर्विकार आहे, बड्या लोकांत ऊठबस करणारा आहे, आणि ज्याच्या सहवासात येतो त्याचं वाटोळं करतो. 'रुथवेन' हे नावसुद्धा बायरनच्या माजी प्रेयसीनं, लेडी कॅरोलिन लॅम्बनं, आपल्या कादंबरीत त्याच्यावर बेतलेल्या पात्राला दिलेलं होतं. एप्रिल १८१९मध्ये 'द व्हॅम्पायर' एका मासिकात छापून आली ती बायरनच्या नावावर. दोघांनीही नाकारलं, पण बायरनच्या नावानं कथा युरोपभर खपली. पॉलिडोरी १८२१मध्ये वयाच्या पंचविशीत गेला. आपण केवढं मोठं काम केलं हे त्याला कधी कळलंच नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं. शेतकऱ्याचा सरदार त्यानं केला. घरच्या भुताचा परका पाहुणा त्यानं केला. पुढची दोनशे वर्षं सगळे त्याच वाटेनं चालले आहेत.

आणि तुझ्या प्रश्नाशी थेट जोडलेला धागा इथंच आहे. रुथवेन मरतो, तेव्हा त्याचं प्रेत चंद्राच्या पहिल्या किरणात ठेवलं जातं आणि तो परत येतो. म्हणजे एकोणिसाव्या शतकातला व्हॅम्पायर चांदण्यानं जगतो. उन्हानं मरायला त्याला अजून शंभर वर्षं आहेत.

रंगभूमीनं ही कथा लगेच पळवली. १८२०मध्ये पॅरिसला नाटक झालं, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये प्लांशे या लेखकानं त्याचं रूपांतर केलं. कथा घडते स्कॉटलंडमध्ये. स्कॉटिश लोककथांत व्हॅम्पायर नाही, हे प्लांशेला माहीत होतं, त्यानं तसं म्हटलंही. पण नाट्यगृहाच्या मालकाला स्कॉटिश संगीत आणि पोशाख हवे होते, कारण पोशाख आधीच कोठीत पडलेले होते! शिवाय नटाला क्षणात नाहीसं करण्यासाठी या नाटकात एक झडपांचा चोरदरवाजा केला गेला. नाट्यतंत्रात त्याला पुढं 'व्हॅम्पायर ट्रॅप' असंच नाव पडलं. हे नाट्यगृह म्हणजे लायसियमची जुनी इमारत. सत्तर-ऐंशी वर्षांनी त्याच लायसियमचा एक आयरिश व्यवस्थापक 'ड्रॅक्युला' लिहिणार होता.

मधली 'व्हार्नी द व्हॅम्पायर' ही १८४५ ते ४७ या काळात हप्त्याहप्त्यानं निघालेली स्वस्त पेनी मालिका तू नाही वाचलीस तरी चालेल. गळ्यावरचे दोन दातांचे व्रण तिथं सापडतात एवढं पुरे. पण शेरिडन ले फानूची 'कार्मिला' सोडू नकोस. १८७१-७२मधली ही छोटी कादंबरी ऑस्ट्रियाच्या स्टिरिया प्रांतातल्या एका एकाकी गढीत घडते. एकटी वाढलेली लॉरा आणि तिच्याकडे पाहुणी म्हणून आलेली कार्मिला, यांच्यातली ओढ आणि किळस एकाच वाक्यात यावी असं ले फानू लिहितो. माझ्या मते शुद्ध लेखन म्हणून ती 'ड्रॅक्युला'पेक्षा सरस आहे.

आता ब्रॅम स्टोकर. डब्लिनचा हा गृहस्थ हेन्री अर्व्हिंग या थोर नटाच्या लायसियम थिएटरचा व्यवस्थापक होता. हिशेब, दौरे, पत्रव्यवहार सगळं त्याच्या गळ्यात. त्यातून वेळ काढत त्यानं सुमारे सात वर्षं या कादंबरीची टिपणं केली. ती टिपणं आज फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहेत, आणि त्यांतून दिसतो तो आगगाड्यांची वेळापत्रकंसुद्धा उतरवून घेणारा चोख माणूस. काउंटची गढी ज्या ट्रान्सिल्व्हेनियात आहे तिथं तो कधीच गेला नाही. १८९०च्या उन्हाळ्यात व्हिटबी या बंदरगावी सुट्टीला गेला असताना तिथल्या वाचनालयात विल्यम विल्किन्सनचं वालाचियावरचं (आजच्या रुमानियाच्या दक्षिण भागावरचं) पुस्तक त्याच्या हाती लागलं, आणि तळटीपेत त्याला 'ड्रॅक्युला' हा शब्द सापडला : वालाचियन भाषेत याचा अर्थ सैतान. तोवर त्याच्या टिपणांत नायकाचं नाव 'काउंट वॅम्पिर' होतं. १८८५मध्ये 'दिमित्री' नावाचं रशियन जहाज व्हिटबीच्या किनाऱ्याला लागून फुटलं होतं. कादंबरीत त्याचं 'डेमेटर' झालं. ट्रान्सिल्व्हेनियातल्या समजुती एमिली जेरार्डच्या लेखातून आल्या, व्हॅम्पायरसाठीचा 'नोस्फेराटू' हा शब्दही तिच्याकडूनच. आरशात प्रतिबिंब न दिसणं ही मात्र स्टोकरची स्वतःची भर.

मे १८९७मध्ये कादंबरी आली. तुला ती वाचताना जाणवलं असेल की पहिल्या चार प्रकरणांनंतर काउंट फारसा दिसतच नाही. सगळी कादंबरी रोजनिश्या, पत्रं, तारा, फोनोग्राफवरच्या नोंदी आणि वर्तमानपत्रांची कात्रणं यांची आहे, आणि कादंबरीची नायिका मिना ते सगळं टंकलिखित करून क्रमवार लावते. त्या कागदांत काउंटचं स्वतःचं निवेदन कुठंच नाही. शेवटी तिचा नवरा, वकील जोनाथन हार्कर, कबूल करतो की आमच्याकडे अस्सल पुरावा म्हणावा असा कागद जवळजवळ नाहीच, नुसता टाइप केलेला ढीग आहे. दुसऱ्यांच्या कागदांतून डोकावणारा खलनायक, ही या पुस्तकाची खरी ताकद आहे. आणि कॅमेऱ्याची सगळ्यात मोठी अडचणही तीच. कॅमेऱ्याला दाखवावंच लागतं. त्यामुळे जवळपास प्रत्येक रूपांतरात टाइपरायटर जातो आणि काउंट मध्यभागी येऊन बसतो.

कादंबरीतला काउंट दिवसा हिंडतो हे तुझं वाचन बरोबर आहे. पिकाडिलीत टोपी घातलेल्या तरुणीकडे टक लावून पाहणारा काउंट हार्करला दिसतो तो दिवसा. पुढं पिकाडिलीतल्याच घरात दुपारी गाठ पडते, हार्कर कुकरीनं वार करतो, काउंटचा कोट फाटतो आणि त्यातून नोटा आणि सोन्याची नाणी फरशीवर सांडतात. दिवसा त्याची शक्ती उतरते, रूप बदलता येत नाही, इतकंच. मरतो तोही ऊन आणि सुळा या दोन्हींवाचून : सूर्यास्ताच्या क्षणी हार्करची कुकरी गळ्यावर आणि अमेरिकन क्विन्सी मॉरिसचा सुरा छातीत. गुरख्यांचं हत्यार इंग्रज वकिलाच्या हातून ट्रान्सिल्व्हेनियाच्या सरदारावर चालतं, ही त्या काळच्या साम्राज्याचीच खूण.

मग ऊन आलं कुठून? १९२२मधून. प्राना-फिल्म या नव्या जर्मन कंपनीनं 'नोस्फेराटू' केला तेव्हा कादंबरीचे हक्क घेतले नव्हते. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ, पटकथा हेन्रिक गालेनची. ड्रॅक्युलाचा ऑर्लोक झाला, लंडनचं विस्बोर्ग, मिनाची एलेन. तरी श्रेयनामावलीत स्टोकरच्या कादंबरीचं नाव प्रामाणिकपणे दिलेलं. गालेननं शेवट बदलला. एलेन स्वतः ऑर्लोकला पहाटेपर्यंत गुंतवून ठेवते, कोंबडा आरवतो, आणि खिडकीतून आलेल्या उजेडात ऑर्लोक विरून जातो. कोंबडा आरवला की भुतं पळतात, ही समजूत आपल्याकडे आहे तशी तिकडेही जुनीच. पण तोवर भूत पळायचं, इथं ते नष्ट झालं. माझं मत विचारशील तर हे सुचलं ते सिनेमावाल्यांनाच सुचणार होतं. उजेडानं प्रतिमा उमटते आणि जास्त उजेडानं पुसून जाते, हे रोज हाताळणारा माणूस सुऱ्याकडे कशाला वळेल?

स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स हिनं दावा लावला. कंपनीचं दिवाळं वाजलेलं, पैसे मिळणार नव्हते, म्हणून १९२५मध्ये सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. परदेशी गेलेल्या प्रती वाचल्या म्हणून आज हा चित्रपट आहे.

याच चित्रपटानं मला एकदा भर सभागृहात धडा शिकवला. पुष्कळ वर्षांपूर्वी एका फिल्म सोसायटीच्या खेळासाठी १६ मिलिमीटरची कृष्णधवल प्रत आली होती. ऑर्लोक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून विस्बोर्गच्या रस्त्यानं चालतो, ते दृश्य आलं आणि लोक हसायला लागले. स्वच्छ ऊन, भिंतींवर कडक सावल्या, आणि उन्हानं मरणारा हा प्राणी निवांत चाललेला! खेळानंतर मी सारवासारव केली की जुना सिनेमा आहे, चुका असायच्या. चूक माझी होती. त्या काळच्या फिल्मवर रात्रीचं चित्रण जवळपास अशक्य, म्हणून रात्रीची दृश्यं दिवसा घेत आणि प्रतीला निळी रंगछटा देत. घरातली दिव्याची दृश्यं पिवळी, पहाट गुलाबी. आमच्या प्रतीतून तो रंग नाहीसा झाला होता, आणि रंगाबरोबर रात्रही. पुढं दुरुस्त केलेली प्रत पाहिली तेव्हा तेच दृश्य निळ्या अंधारात होतं आणि अंगावर काटा आला. म्हणून सांगतो, 'नोस्फेराटू' पाहशील तर रंगछटा असलेलीच आवृत्ती शोध. तिच्यात एक जोड आहे, तो मी विद्यार्थ्यांना दर वर्षी दाखवतो. गढीत ऑर्लोक एलेनच्या नवऱ्यावर, हटरवर, झुकलेला आहे. शेकडो मैलांवर एलेन झोपेतून उठून हात पसरते. ऑर्लोक मान वळवून चौकटीबाहेर पाहतो. दोन वेगळ्या गावांतली दोन माणसं एका कात्रीनं समोरासमोर येतात. कादंबरीत मिना आणि काउंट यांच्या मनांचा जो दुवा आहे, तो इथं एक शब्द न वापरता झालाय.

उंच कॉलरचा झगाही कादंबरीत नाही. हॅमिल्टन डीननं १९२४मध्ये डर्बीला अधिकृत नाटक केलं. नाटक दिवाणखान्यात बसवायचं, तर काउंट पाहुणा म्हणून आत यायला हवा, म्हणून त्याला संध्याकाळचा उंची पोशाख मिळाला. कॉलर उंच केली ती तंत्रासाठी : नट पाठमोरा उभा राहिला की डोकं झाकलं जातं, इतर नट झगा धरून ठेवतात आणि तो खालच्या चोरदरवाज्यानं निसटतो. पुन्हा तोच १८२०चा दरवाजा. हेच नाटक सुधारून १९२७मध्ये ब्रॉडवेवर गेलं, काउंट झाला हंगेरियन नट बेला लुगोसी, आणि १९३१मध्ये युनिव्हर्सलनं टॉड ब्राउनिंगकडून चित्रपट करून घेतला. चोरदरवाज्याची गरज संपली तरी झगा राहिला. या चित्रपटाचा पहिला भाग सोडला तर बाकीचा मला नाटकासारखा जड वाटतो. त्याच सेटवर रात्रपाळीत वेगळ्या नटांना घेऊन केलेली स्पॅनिश आवृत्ती जरूर पाहा. कॅमेरा तिथं जास्त मोकळा फिरतो.

१९५८चा हॅमर या ब्रिटिश कंपनीचा 'ड्रॅक्युला' हे तर अडचणीतून वाट काढण्याचं उत्तम उदाहरण. पैसे थोडे, त्यामुळे जहाज गेलं, लंडन गेलं. वटवाघळाचं रूप घेणं परवडणार नव्हतं, म्हणून काउंटचा माग काढणाऱ्या प्रोफेसर व्हॅन हेल्सिंगच्या तोंडी घातलं की हा सर्वसाधारण गैरसमज आहे! पण लाल रंग होता, काउंट म्हणून क्रिस्टोफर ली होता, व्हॅन हेल्सिंग म्हणून पीटर कुशिंग होता. शेवटी कुशिंग टेबलावरून धावत जाऊन पडदा खाली ओढतो, उन्हाची तिरीप आत येते, दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करून तो काउंटला त्या तिरिपेत रेटतो. युनिव्हर्सलच्या १९४०च्या दशकातल्या चित्रपटांत ऊन शिरलं होतंच, पण जगभर ते पक्कं झालं ते या दृश्यानं.

काउंट ज्याच्यावर बेतला असं म्हणतात त्या व्लाद द इम्पेलरचं, पंधराव्या शतकातल्या वालाचियाच्या क्रूर राजाचं म्हणशील, तर स्टोकरला त्याच्याबद्दल फारच थोडं ठाऊक होतं. पडद्यावर ती जोड आधी १९५३च्या तुर्की 'द्राकुला इस्तंबूलदा'नं दिली, पुढं १९७२मधल्या मॅकनली आणि फ्लोरेस्कू यांच्या पुस्तकानं ती लोकप्रिय केली. कपोलाच्या १९९२च्या चित्रपटाच्या नावात स्टोकर आहे, पण त्याच्या गाभ्यातली पुनर्जन्माची प्रेमकहाणी स्टोकरची नाही. ती कहाणी मला पटत नाही, काउंटची भीती तिच्यामुळे विरघळते. तरी त्याची कारागिरी मनापासून आवडते : संगणकाऐवजी दुहेरी छायाचित्रण, छोट्या प्रतिकृती, उलटी फिल्म, अशा कादंबरीच्याच काळातल्या युक्त्या त्यानं वापरल्या.

आपल्या उपखंडात हा पाहुणा उशिरा आला. १९६७मध्ये लाहोरला 'जिंदा लाश' झाला. क्रूस तिथं चालणार नव्हता, म्हणून प्रोफेसर तबानी अमरत्वाचं रसायन पिऊन व्हॅम्पायर होतो. रामसे बंधूंच्या १९९०च्या 'बंद दरवाजा'त उंचापुऱ्या अनिरुद्ध अगरवालचा नेवला आहे. मराठीत नारायण धारपांनी स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वरून 'लुचाई' लिहिली, आणि ती वाचून रात्री खिडकी लावून झोपलेले माझ्या पिढीत पुष्कळ निघतील. वेताळाला मात्र व्हॅम्पायर म्हणू नकोस. रिचर्ड बर्टननं १८७०मध्ये वेताळपंचविशीचं 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' असं केलं आणि तेव्हापासून घोळ चाललाय. आपला वेताळ प्रेतात शिरून कोडी घालतो, रक्त पीत नाही, आणि कोकण-गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे.

सुरुवात कुठून करायची, तर 'ड्रॅक्युला' तू वाचलीच आहेस. आता पॉलिडोरी वाच, एका बैठकीत होतो. मग 'कार्मिला'. मग निळ्या रात्रीचा 'नोस्फेराटू', त्याच आठवड्यात १९५८चा हॅमर. पाहताना हातात वही ठेव, आणि कादंबरीतलं काय गेलं, त्या जागी काय आलं, हे लिहीत जा. त्यानंतर स्वीडनचा २००८चा 'लेट द राइट वन इन' पाहा. व्हॅम्पायरला आत बोलावल्याशिवाय येता येत नाही, हा स्टोकरनं व्हॅन हेल्सिंगच्या तोंडी घातलेला नियम. न बोलावता आत पाऊल टाकलं तर नेमकं काय होतं, ते त्या सिनेमातली मुलगी उंबऱ्याच्या आत उभी राहून दाखवते.